खालचं घर सोडताना

मंगळवार, अठरा नोव्हेंबर. रात्रीचे सव्वानऊ वाजून गेले होते. फाटकावरच्या चौकीत तोम्माझो आणि फ्लाव्हिया हे दोन नवे रखवालदार हीटरला पाय लावून बसले होते. दोघांची ही पहिलीच रात्रपाळी. सबातीनोकाकाला निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती, पण नव्या माणसांची पहिली रात्र असली की तो कॉफीचं भांडं आणि मिरी घातलेल्या तराल्ली बिस्किटांची पिशवी घेऊन हजर व्हायचा.

"काका, घरी कोणी विचारत नाही का तुम्हाला?" तोम्माझोने डोळा मारत विचारलं.

"विचारतात की. कधी जातोस, म्हणून विचारतात."

फ्लाव्हिया हसली. चौकीच्या खिडकीतून खालचा खड्डा दिसत होता, रस्त्यापासून दहा मीटर खोल. तोर्रे आन्नुन्त्सियाता गावात सगळे त्याला 'खालचं घर' म्हणतात. दोन हजार वर्षांपूर्वी ज्वालामुखीचा डोंगर फुटला तेव्हा ते राखेत गेलं, आणि आमच्या आजोबांच्या वयाच्या लोकांनी ते फावड्याने वर काढलं. निदान अर्धं तरी. पूर्वेकडचं अर्धं अजून शेवयांच्या जुन्या गिरणीखाली आहे.

"खाली शिरताना घराला बोनासेरा म्हणून नमस्कार करायचा असतो म्हणे," फ्लाव्हिया म्हणाली. "माझी आजी घरात शिरताना म्हणायची. बोनासेरा, मालकीणबाई. पण सरकारी खड्ड्यालासुद्धा?"

काकाने कॉफी ओतता ओतता हात थांबवला.

"तू म्हणालीस?"

"नाही. का?"

"मग ठीक आहे." त्याने कप तिच्याकडे सरकवला. "म्हणू नकोस."

आणि मग त्याने आनिएल्लोची गोष्ट सांगितली. आनिएल्लो त्याच्याबरोबर बावीस वर्षं या चौकीत होता. गोष्टीतल्या ज्या भागात काका तिथे नव्हता, तो भाग त्याला स्वतः आनिएल्लोने सांगितला होता, एकदाच.

*

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. नोव्हेंबरची सतरा तारीख, बुधवार. रात्री साडेदहाला आनिएल्लो खाली निघाला तो फक्त एक आकडा बघायला. चित्रांच्या मोठ्या खोलीत भिंतीतला दमटपणा मोजणारं यंत्र बसवलेलं होतं. ओल वाढली की भिंतीतून मीठ बाहेर येतं आणि रंग पापुद्र्यासारखा सुटतो. म्हणून रोज रात्री साडेदहाला एकाने खाली जायचं, आकडा वहीत टिपायचा, वर यायचं. दुसऱ्याने फाटक सोडायचं नाही.

"चाललास बायकोला भेटायला?" सबातीनोने नेहमीचा टोमणा मारला.

"तुझ्यासारख्याबरोबर बसण्यापेक्षा बरं," आनिएल्लो म्हणाला आणि बॅटरी घेऊन जिना उतरला.

या टोमण्यामागे कारण होतं. आनिएल्लोची बायको जाऊन नऊ वर्षं झाली होती आणि तो खालच्या घराशी बोलायचा. उंबरठ्यावर पाय ठेवला की टोपी काढायची आणि म्हणायचं, बोनासेरा, मालकीणबाई. बावीस वर्षांत एक रात्र चुकली नाही. त्याच्या आईची ती शिकवण. प्रत्येक घराला एक मालकीण असते, ती दिसत नाही. येता-जाता तिला नमस्कार करायचा. घराला घरात बसून नावं ठेवायची नाहीत. आणि घर सोडायचा विचार असेल तर तो घराच्या भिंतींच्या आत बोलायचा नाही. रस्त्यावर बोला, मासळीवालीच्या टोपलीपाशी बोला, आत नाही. त्याच्या आईने गल्ली बदलली तेव्हा तीन महिने सगळ्या वाटाघाटी समुद्रावर बसून केल्या होत्या. घरात आली की म्हणायची, अगंबाई, किती छान उजेड येतो या स्वयंपाकघरात! सामान हलवायच्या दिवशी सकाळीसुद्धा तिने खिडक्या पुसल्या होत्या.

आणि खालच्या घराची तऱ्हा तर आणखीच वेगळी. तिथे एकही हाड सापडलं नाही. चुलीवर भांडं होतं, ओट्यावर अंजिरांची कोळसा झालेली परडी होती. माणसं नव्हती. डोंगर गरजला तशी सगळी पळाली असणार.

"न सांगता गेली रे सगळी," आनिएल्लो सबातीनोला म्हणायचा. "एका दुपारी. कोणी मागे वळून बघितलं नाही. कसं वाटलं असेल त्या घराला?"

"घराला काय वाटायचंय? घर आहे ते."

"म्हणून तर तुला तुझी बायको आत घेत नाही."

त्या रात्री मात्र आनिएल्लोच्या खिशात आगगाडीचं तिकीट होतं. दुसऱ्या दिवशी सकाळचं, बेर्गामोचं. ते त्याने वर चौकीतसुद्धा दाखवलं नव्हतं. फक्त संध्याकाळी, समोरच्या कॉफीवाल्याच्या दारात उभं राहून, सबातीनोच्या कानात सांगितलं होतं. नुन्त्सियाकडे चाललोय. आता परत नोकरीवर येणार नाही.

नुन्त्सिया त्याची एकुलती एक मुलगी. तीन वर्षांपूर्वी तिने बेर्गामोत लग्न केलं होतं आणि आनिएल्लो गेला नव्हता. रजा मिळत नाही म्हणाला होता. रजा मिळत होती. घराला एकटं कसं सोडू, एवढंच त्याच्या मनात होतं, आणि हे तो मुलीला सांगू शकला नाही. पण तिला कळलं. तेव्हापासून तिने बोलणं तोडलं होतं. आता तिला आठवा महिना होता, डॉक्टरने पलंगावरून उतरायचं नाही असं बजावलं होतं, नवरा रात्रपाळीला जायचा, आणि त्या भीतीत तिने आठवड्यापूर्वी बापाला फोन केला होता. तीन वर्षांनी पहिला. पप्पा, येतोस का, एवढंच विचारलं होतं. आनिएल्लोने तेव्हा 'बघतो' म्हटलं होतं, कारण फोन आला तेव्हा तो खाली होता.

वर येऊन त्याने तिकीट काढलं. पण तिला परत फोन करून सांगायचं धैर्य त्याला झालं नाही. दारातच जाऊन उभा राहीन, म्हणजे तिला नाही म्हणता येणार नाही, असा त्याचा हिशोब.

तर त्या रात्री तो खाली गेला. टोपी काढली. बोनासेरा म्हणाला. काळ्या-पांढऱ्या तिरक्या पट्ट्यांची लांब वाट ओलांडली. ती नोकरांची वाट. मालकांच्या खोल्यांना देखावे, नोकरांच्या वाटेला नुसते पट्टे. एकेचाळीस पावलं. ती त्याने हजारो वेळा मोजली होती. मग मोठी खोली. बॅटरी वळली तशी लाल भिंत उजळली. रंगवलेले खांब, रंगवलेल्या काचेच्या भांड्यात अंजिरं, कठड्यावर बसलेला मोर, आणि मधोमध रंगवलेलं दार. बंद दार. इतकं हुबेहूब की परदेशी पाहुणे कडीला हात लावायला जातात.

यंत्रावर आकडा होता एकाहत्तर. त्याने तो वहीत टिपला.

फोन वाजला.

"पप्पा."

"काय गं? बरी आहेस ना?"

"पोटात दुखतंय. मार्को कामावर गेलाय. मला फक्त सांग, तू येतोयस की नाही?"

आनिएल्लोने भिंतीकडे पाहिलं.

"थांब बाळा. मी वर जातो, मग बोलतो."

"नाही. आत्ता सांग."

"दोन मिनिटं..."

"नेहमी तुझं हेच! त्या घराला रोज नमस्कार, आणि मला दोन मिनिटं! ठेवलास फोन तर पुन्हा करू नकोस. बाळ झालं तरी कळवणार नाही मी तुला."

"ठेवत नाही. ठेवत नाही गं. चालत चालत बोलतो."

तो पट्ट्यांच्या वाटेत शिरला. फोन कानाला, बॅटरी पुढे. पावलं मोजायची सवय, ती आपोआप सुरू झाली. तीस. पस्तीस. एकेचाळीस.

पट्टे संपले नाहीत.

तो चालत राहिला. चुकलं असेल मोजायला. पन्नास. साठ. डावीकडे पट्टे, उजवीकडे पट्टे.

"पप्पा, बोल ना."

"बोलतो."

सत्तर.

"पप्पा... तिथे कोण झाडतंय?"

आनिएल्लो थांबला.

"कोण झाडणार?"

"केरसुणीचा आवाज येतोय. तुझ्या मागे."

त्याला काही ऐकू येत नव्हतं. एक थेंब पडल्याचा आवाजही नाही. त्याने मागे बॅटरी मारली. रिकामी वाट... धूळही नाही.

पुढे मारली.

लाल भिंत. मोर. अंजिरं. दार.

तो परत त्याच खोलीत उभा होता.

"पप्पा, शेवटचं विचारते."

आनिएल्लोने फोन कानाशी दाबला.

"पप्पा?"

त्याची नजर त्या बंद दारावर होती.

मग तिच्या रडण्याचा आवाज आला. तीन वर्षं ज्या मुलीने त्याच्यासाठी डोळ्यांतून पाणी काढलं नव्हतं, ती लहानपणी पडल्यावर रडायची तशी रडत होती. आणि आनिएल्लोने डोळे घट्ट मिटले, आणि त्या खोलीत, त्या भिंतींच्या आत, मोठ्याने म्हणाला, "येतो गं पोरी. उद्या सकाळच्या गाडीने निघतो. हे सगळं सोडून येतो. कायमचा."

काही झालं नाही.

फोन बंद पडला होता. चार्जिंग संपलं असेल.

तो वळला. चालला. एकेचाळिसाव्या पावलाला वाट संपली. समोर जिना.

*

"मी इथे बसलो होतो," काकाने हीटरजवळची खुर्ची दाखवली. "तो वर आला तेव्हा अकराला दहा कमी होते. चेहरा पांढरा. फोन बंद. मी म्हटलं, काय रे, भांडण झालं का मालकिणीशी? तो हसला नाही. इथेच बसला, पहाटे सहापर्यंत. एक शब्द बोलला नाही. मी तीनदा कॉफी केली. सहाला उठला, चाव्या टेबलावर ठेवल्या, गेला. नीट ऐका. अकराला दहा कमी ते सहा. माझ्या डोळ्यांसमोर."

"मग?" तोम्माझो म्हणाला. त्याच्या हातातली तराल्ली तशीच होती.

*

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आनिएल्लो बेर्गामोत चौथ्या मजल्यावर मुलीच्या दारात उभा राहिला. शेजारणीने दार उघडलं. नुन्त्सिया आत पलंगावर होती. बापाला बघून तिचा चेहरा फुलला नाही. ती बघतच राहिली.

"तू आलास?"

"येतो म्हणालो होतो ना."

"येणार नाही म्हणालास."

आनिएल्लो दाराशीच थांबला.

"स्पष्ट म्हणालास, पप्पा. मी कुठे जाणार हे घर सोडून, असं म्हणालास. तुझा आवाज मी ओळखत नाही? मी ओरडले तुझ्यावर. मग तू म्हणालास, रडू नकोस, झोप लागेपर्यंत तुला घर दाखवतो. आणि सांगत बसलास. कुठली खोली कुठे, कशाच्या शेजारी काय. इतक्या प्रेमाने तू आयुष्यात कधी बोलला नव्हतास माझ्याशी. म्हणून मी ठेवला नाही."

"किती वेळ?"

तिने फोन पुढे केला. कॉल पहाटे पावणेपाचपर्यंत चालला होता.

"झोप येईना म्हणून तू सांगत होतास ते काढत गेले," ती म्हणाली, आणि उशीखालून कागद काढला. दवाखान्याच्या तपासणीचा कागद, त्याच्या पाठीवर पेन्सिलीने घराचा नकाशा. या मुलीने खालच्या घरात कधी पाय टाकला नव्हता. बापावरचा राग म्हणून शाळेच्या सहलीलासुद्धा गेली नव्हती. आनिएल्लोने बोट ठेवून बघितलं. उंबरठा. चूल. पट्ट्यांची वाट. मोठी खोली. सगळं जागच्या जागी. आणि जिथे लाल भिंत आहे, जिच्या पलीकडे गिरणीखालची माती आहे आणि कोणी कधी खणलेलं नाही, तिथे एक दार. दारापलीकडे एक छोटी खोली. तीन पावलं बाय दोन.

तिच्यात नुन्त्सियाच्या अक्षरात लिहिलं होतं, 'बाळाची'.

"हे?"

"तूच म्हणालास. ही पिवळी खोली बाळाची."

आनिएल्लोने तो कागद घडी करून खिशात ठेवला. तिला काही सांगितलं नाही. काय सांगणार? वीस तारखेला मुलगा झाला, सुखरूप. नाव ठेवलं साबीनो. आनिएल्लो तिथेच राहिला, नातवाला खांद्यावर घेऊन बाजार करू लागला. बाप-लेक पुन्हा बोलू लागले, हसू लागले. निसटलो, असं त्याला वाटायला लागलं.

*

"निसटला नाही?" फ्लाव्हियाने विचारलं.

काकाने कपात आणखी थोडी कॉफी ओतली.

"मी यावर खूप विचार केला पोरी. आपण नमस्कार कुठल्या घराला करतो? ज्यात राहतो त्याला. पाहुणा मालकिणीला नमस्कार करत नाही, घरचा माणूस करतो. बावीस वर्षं हा रोज टोपी काढून तिला सांगत होता की मी घरचा आहे. ती बिचारी खरं मानून बसली. आणि एकदा माणूस घरचा झाला की त्याची मुलंबाळं..."

त्याने वाक्य सोडून दिलं.

*

या वर्षी एप्रिलमध्ये गिरणीची जुनी भिंत पाडली आणि पूर्वेकडे खणायला सुरुवात झाली. सबातीनो निवृत्त होता, पण रोज बघायला जायचा. तिसऱ्या आठवड्यात खणणाऱ्यांना लाल भिंतीच्या मागच्या बाजूला एक खोली लागली. छोटी. पिवळी. तीन पावलं बाय दोन.

कागदाची गोष्ट सबातीनोला माहीत होती. त्याने बेर्गामोला फोन केला.

"ये," तो म्हणाला. मग म्हणाला, "किंवा नको येऊस."

आनिएल्लो दुसऱ्याच दिवशी आला. एकटा. दुपारी खणणारे जेवायला गेले तेव्हा दोघं खाली उतरले. आनिएल्लोने टोपी काढली नाही. तोंडातून शब्द काढला नाही.

खोली कमरेपर्यंत मोकळी केलेली होती आणि एका कोपऱ्यात पार जमिनीपर्यंत. त्याच कोपऱ्यात दाराच्या चौकटीपाशी पिवळ्या गिलाव्यावर काहीतरी ओरखडलेलं होतं. सबातीनोला आधी वाटलं, तडे. मग त्याने वाकून बघितलं.

रेघा होत्या. आडव्या. एकावर एक. आपण दाराला पोर उभं करतो आणि डोक्यावर पट्टी ठेवून रेघ ओढतो, तशा.

तीन.

ताज्या नव्हत्या. रेघांच्या खाचांत राख घट्ट बसलेली होती, भिंतीवर होती तीच. आदल्या दिवशीच उत्खननाच्या तज्ज्ञ बाईंनी ब्रशने थोडी काढून बघितली होती आणि वहीत लिहिलं होतं, राखेच्या आधीच्या.

आनिएल्लोने खणणाऱ्यांच्या पेटीतून टेप घेतली. जमिनीपासून मोजलं. पेनाने तळहातावर लिहिलं. पुन्हा मोजलं. मग दोघं वर आले. फाटकाबाहेर. रस्त्याच्या पलीकडे. तिथून त्याने मुलीला फोन लावला.

"नुन्त्सी, डॉक्टरची वही आहे ना जवळ? साबीनोची?"

"आहे. का रे?"

"वाढदिवसाला उंची घेतात ना. ती वाच."

"आता कशाला? शर्ट घेतोयस का त्याला? मोठा घे हं, उगाच दोन महिन्यांत..."

"वाच गं."

पानं उलटल्याचा आवाज आला. सबातीनो आनिएल्लोच्या तळहाताकडे बघत होता.

"पहिला वाढदिवस... पंचाहत्तर सेंटिमीटर."

आनिएल्लोचा अंगठा पहिल्या आकड्यावर आला.

"दुसरा... शहाऐंशी."

रस्त्यावरून एक स्कूटर गेली.

"तिसरा चौऱ्याण्णव. पप्पा? ऐकतोयस ना?... पप्पा?"

*

चौकीत हीटर गुणगुणत होता. तोम्माझोने खिडकीकडे पाठ केली होती.

"मुलगा कसा आहे?" शेवटी फ्लाव्हियाने विचारलं.

"ठणठणीत. खोडकर आहे. परवा चार वर्षांचा होईल."

"आणि... ती भिंत?"

काकाने कप खाली ठेवला. टोपी उचलली. दारापर्यंत गेला.

"संध्याकाळी बघून आलो," तो म्हणाला. "तिसऱ्या रेघेच्या वर अजून काही नाही."